बैठकीपुरते अध्यक्ष

बेंगळुरूच्या राजाजीनगरात आमच्या गल्लीत मला अजून ‘विधानसभेच्या अक्का’ म्हणतात. निवृत्त झाल्यावर हे नाव आपोआप गळून पडेल असं वाटलं होतं, उलट ते जास्तच चिकटलं. कोपऱ्यावरच्या नारळवाल्या अण्णांपासून वरच्या मजल्यावर पुण्याहून नव्याने राहायला आलेल्या सॉफ्टवेअरवाल्या मुलीपर्यंत सगळे फिरून फिरून एकच विचारतात, की एवढे आमदार एका समितीत बसवल्यावर त्यांच्यातला पुढारी ठरतो कसा? मारामारी होते का? पैसे चालतात का? मी नियम सांगते. नियम मला झोपेतही सांगता येईल. विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि माझं मात्र होत नाही, कारण नियम सांगून झाला की मला एक बैठक आठवते आणि माझा गोंधळ उडतो.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, ‘‘आमदारांचे किस्से द्या, पण स्वल्प गमतीदार द्या.’’ सरी, म्हणजे बरं, असं म्हटलं. गमतीदार किस्से आहेतच. पण हा गमतीचा की वाईट वाटण्याचा, हे मला इतक्या दिवसांत ठरवता आलेलं नाही.

आधी धंदा समजावून सांगते. विधानसभेत माणसं खूप, आवाज त्याहून जास्त. तिथे बारकाईने काही तपासणं कठीण. म्हणून थोड्या थोड्या आमदारांच्या समित्या करतात. एक समिती हिशेब बघते, एक मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनांचं पुढे काय झालं ते बघते. मी बरीच वर्षं अर्ज समितीची अधिकारी होते. सामान्य माणसाला विधानसभेकडे गाऱ्हाणं मांडता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. अर्ज लिहायचा, त्यावर एका आमदाराने सही करून तो सभागृहात मांडायचा, मग तो आमच्याकडे यायचा. समिती अर्जदाराला बोलावते, खात्याच्या अधिकाऱ्याला बोलावते, दोघांचं ऐकते आणि सभागृहाला शिफारस करते. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, पण खात्याला तिचं उत्तर द्यावंच लागतं, म्हणून तिचा धाक असतो.

आता पुढाऱ्याचं. समितीत मतदान होऊन अध्यक्ष निवडला जातो असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. सभापती, म्हणजे स्पीकर, सदस्यांची नावं ठरवतात आणि त्यातल्याच एकाला अध्यक्ष नेमतात. बाकीच्यांना अध्यक्ष कोण हे आमचा कागद हातात पडल्यावर कळतं. काहींचे चेहरे फुलतात, काहींचे पडतात, आणि पहिल्या बैठकीला सगळे सारखेच हसत येतात. अध्यक्षांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल घातलेला असतो. तो टॉवेल म्हणजे आमच्याकडचा मुकुट. पहिली बैठक अर्धी अभिनंदनात आणि बदाम हलव्यात जाते, उरलेल्या अर्ध्यात कोणते विषय आधी घ्यायचे ते ठरतं.

एक नवे अध्यक्ष पहिल्याच दिवशी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, ‘‘मेडम, आता मी काय म्हणायचं?’’ म्हटलं, ‘‘बैठक सुरू झाली असं म्हणा.’’ त्यांनी ते म्हटलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. अशी ती अख्खी बैठक आम्ही दोघांनी मिळून पार पाडली. पहिल्या बैठकीत अध्यक्ष जे जे शहाणपणाचं बोलतात, ते बहुधा माझ्यासारख्या कुणीतरी त्यांच्या कानात घातलेलं असतं. कुणी तसं कबूल करत नाही आणि आम्हीही बोलून दाखवत नाही.

दुसऱ्या एका वेळी एक आमदार चुकून शेजारच्या समितीऐवजी आमच्याकडे येऊन बसले. त्यांनी चर्चेत भाग घेतला, एका अधिकाऱ्याला चांगलं फैलावर घेतलं, एका सूचनेला अनुमोदनसुद्धा दिलं. हे आपले नव्हेत, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ते हलवा संपवून निघाले होते. इतिवृत्तात त्यांना कुठे बसवायचं यावर माझी आणि वरच्या साहेबांची चांगलीच वादावादी झाली. खरं सांगायचं तर त्या दिवशी सगळ्यांत जास्त अभ्यास करून तेच बोलले होते.

ही झाली गंमत. आता ती बैठक सांगते. नावं अर्थातच बदलली आहेत.

अर्जदार होती सुशीलाक्का. मूळची उत्तरेकडच्या सीमेवरच्या तालुक्यातली, घरात मराठी, बाजारात कन्नड. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन बेंगळुरूजवळ आनेकलच्या बाजूला आली आणि मायलेकी एका शिलाई कारखान्यात लागल्या. कारखान्यांच्या वसाहतीच्या पाठीमागे कामगारांची वस्ती होती आणि मधल्या भिंतीत एक फाटक होतं. त्या फाटकातून बाया कामावर जायच्या, यायच्या. मग चोऱ्या होतात म्हणून मालकांच्या संघाने ते फाटक बंद करून टाकलं. तेव्हापासून बायांना वळसा घालून लॉऱ्यांच्या रस्त्याने जावं लागायचं. तिथे ना फुटपाथ ना दिवा. एका संध्याकाळी सुशीलाक्काच्या मुलीला लॉरीचा धक्का लागला. जीव वाचला, पण पाय कायमचा आखडला. अर्जात सुशीलाक्काची मागणी एवढीच होती, की पाळ्या सुटताना ते फाटक उघडावं. ते झालं नाही तर मुलीचं काम सोडवून गावाकडे परत जायचं तिने ठरवलं होतं. गावाकडे काय होतं? दिराच्या घरातला एक कोपरा.

अर्जावर सही केली होती रायगोंडा अण्णांनी. ते तिच्या गावाकडचे आमदार, आणि योगायोगाने आमच्या समितीचे सदस्य. उंच, खणखणीत आवाजाचे, भांडायला सदा तयार. मराठी बोलायला मिळावं म्हणून माझ्या टेबलाशी येऊन टेकायचे आणि माझ्याच मराठीची टर उडवायचे. ‘‘काय ओ मॅडम, तुमचं मराठी म्हंजे सांबारात बुडवलेली भाकरी हाय बगा.’’ मी म्हणायची, ‘‘आणि तुमचं?’’ तर म्हणायचे, ‘‘आमची भाकरी कोरडीच, पर भाकरी तरी हाय.’’

विधानसभेची मुदत संपत आली होती. विधानसभा संपली की तिच्या समित्या संपतात आणि समित्यांपुढचे अर्जही संपतात. नव्या विधानसभेपुढे सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं. अण्णांनी तगादा लावून सुशीलाक्काचा अर्ज आमच्या शेवटच्या बैठकीत घ्यायला लावला होता. म्हणजे त्या दिवशी झालं तर झालं, नाहीतर फाटक बंद ते बंद.

त्या दिवशी अध्यक्षच आले नाहीत. मोबाइलवर निरोप आला, ‘हेब्बाळला अडकलोय, तुम्ही सुरू करा.’ बेंगळुरूत हेब्बाळला अडकलेला माणूस कधी सुटेल हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. शिवाय बैठक चालवायला निदान पाच सदस्य हवेत. निवडणूक तोंडावर, सगळे आपापल्या तालुक्यात. फोन करकरून माझा घसा बसला. अखेर पाचवा आत आला तेव्हा आमचा शिपाई मला आनंदाने म्हणाला, ‘‘कोरम आय्तु, अक्का!’’ म्हणजे पाच पुरे झाले. आता यांतला एकही उठून जाता कामा नये. मी हलव्याच्या बशा आधीच फिरवल्या.

नेमलेले अध्यक्ष हजर नसले तर काय करायचं, यासाठी नियम आहे. हजर सदस्यांनी आपल्यातलाच एक जण त्या बैठकीपुरता निवडायचा. कुणीतरी नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, झालं. फक्त इथेच आमच्याकडे पुढारी खरोखर निवडला जातो, आणि इथेच तो व्हायला कुणी तयार नसतं. स्वतःचं नाव कुणी घेत नाही. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसवतात तसं चालतं: तुम्ही बसा, छे, तुम्ही बसा. दोन-तीनदा नाही म्हणणं ही रीत. फार लवकर हो म्हणणारा उतावळा दिसतो. अधिकाऱ्याने या सगळ्यात खाली मान घालून बसायचं. कुणाचंही नाव आमच्या तोंडून जायला नको.

पाचांत सगळ्यात वडीलधारे होते वकीलसाहेब. पूर्वी वकिली केलेले, बोलणं गोड, कायद्याचा कीस काढणारे. त्यांच्याशेजारी त्यांना गुरू मानणारा एक तरुण आमदार. समोर एक डॉक्टरबाई आणि फारसं न बोलणारे एक शेतकरी आमदार. आणि रायगोंडा अण्णा. सगळ्यांनी वकीलसाहेबांना आग्रह केला. त्यांनी हात जोडले. ‘‘आज नको. पुन्हा कधी वेळ आली तर मी मोडता घालणार नाही. पण आज माझ्या मते रायगोंडांनी बसावं. लांबून येतात, तळमळीने बोलतात, त्यांना हा मान कधी मिळालेला नाही.’’ तरुण आमदाराने लगेच अनुमोदन दिलं. अण्णा लाजले, दोनदा नको म्हणाले आणि टॉवेलच्या खुर्चीत जाऊन बसले. फार खूश दिसले.

मला मात्र अडचण दिसली. कारण खुर्चीत बसलेल्याने बाजू घ्यायची नसते. त्याने दोघांना सारखं बोलू द्यायचं, आपलं मत मांडायचं नाही, आणि आमच्या वहिवाटीप्रमाणे मतही द्यायचं नाही. मतं समसमान पडली तरच त्याचं निर्णायक मत. म्हणजे त्या खोलीत सुशीलाक्कासाठी भांडायला जो एकमेव माणूस आला होता, त्याचंच तोंड आम्ही मानाने बंद करून टाकलं होतं. वकीलसाहेबांनी हे मुद्दाम केलं का? त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा निव्वळ आपुलकी होती. मान होता की डाव, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही कळत नाही.

मी सुशीलाक्काला बोलवायला बाहेर गेले तेव्हा ती दारातूनच आत डोकावत होती. ‘‘अक्का, अण्णा मुख्य झाल्यात न्हवं?’’ तिचा चेहरा उजळला होता. ‘‘मग झालंच की ओ आमचं काम! आता फाटक उघडतंय बगा.’’

मी म्हटलं, ‘‘आत चला.’’ दुसरं काय म्हणणार?

आत अण्णा तिला म्हणाले, ‘‘बाई, तुमचं म्हणणं सांगा.’’ बाई! लहानपणापासून ओळखणारा माणूस बाई म्हणतो, हे तिला लागलं. ती चाचरत बोलली. अण्णांनी पेन घट्ट धरलं होतं. खात्याचा अधिकारी आला आणि म्हणाला की सुरक्षेचा प्रश्न आहे, अभ्यास चालू आहे. एरवी अण्णांनी त्याला उभा सोलला असता. त्या दिवशी ‘‘धन्यवाद, बसा,’’ म्हणाले. सुशीलाक्का माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच तिच्या अण्णांना काहीतरी केलं होतं.

साक्षी झाल्या की बाहेरच्यांना बाहेर बसवून समिती आपसांत बोलते. वकीलसाहेबांनी सुचवलं की खात्याकडून आणखी एक अहवाल मागवावा. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. उद्या फाटकातून चोर शिरला तर जबाबदार कोण, असं ते विचारत होते. तरुण आमदार त्यांच्या बाजूने. डॉक्टरबाई म्हणाल्या, आजच शिफारस करा, आणि शेतकरी आमदारांनी मान डोलावली. समित्यांमध्ये मतं मोजायची वेळ सहसा येत नाही, बोलून बोलून सगळे एकाच जागी येतात. त्या दिवशी आले नाहीत. दोन इकडे, दोन तिकडे.

अण्णा माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात मराठीत म्हणाले, ‘‘मॅडम, आता काय ओ?’’

वकीलसाहेब हसून कन्नडमध्ये म्हणाले, ‘‘आम्हालाही ऐकू द्या की.’’ बरोबरच होतं. मी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं कन्नडमध्ये सांगितलं. नियम अध्यक्षांना निर्णायक मत देतो, ते कुणाच्या पारड्यात टाकायचं हे मात्र नियम सांगत नाही. वहिवाट अशी की आहे ते तसंच राहू द्यावं आणि पुढे बोलायला वाट ठेवावी.

‘‘पुढं म्हंजे कधी?’’ अण्णा म्हणाले. ‘‘विधानसभा तर चालली.’’

मी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी बरोबर होत्या, आणि दोन्ही एकत्र केल्या की त्यांचा काही अर्थच उरत नव्हता. पुढच्या चर्चेला वाट ठेवायची म्हणून त्या बायांची वाट बंद ठेवायची, आणि पुढची चर्चा तर होणारच नाही! मी नुसतं म्हटलं, ‘‘ते समितीनं ठरवायचं, सर.’’ असं वाक्य बोलण्यासाठीच सरकार आम्हाला पगार देतं, पण त्या दिवशी मला ते बोलताना लाज वाटली.

अण्णांनी समोरचा अर्ज उलटून त्यावरची सही पाहिली. मग म्हणाले, ‘‘अर्जावर सही माझी. तो माझ्याच मताने पास केला, तर उद्या सभागृहात त्याला कोण विचारणार? रायगोंडाने आपल्याच माणसांचं काम करून घेतलं म्हणतील.’’ आणि ते उठून उभे राहिले.

अध्यक्ष उठले की बैठक संपली, ही आमच्याकडची सवय. त्याबरोबर सगळेच उठले. तरुण आमदाराने मोबाइल खिशात टाकला. शेतकरी आमदार दाराकडे निघाले. ते बाहेर पडले असते तर चारच उरले असते आणि सगळं संपलं असतं. मला काय झालं कोण जाणे, मी ओरडले, ‘‘बैठक चालू आहे! कुणी जाऊ नका!’’ सगळे थबकले. इतक्या वर्षांच्या नोकरीत न विचारता बोललेलं हे माझं एकच वाक्य. ते बोलायचा मला अधिकार होता का, हे मी नंतर नियमांच्या पुस्तकात शोधलं. सापडलं नाही.

‘‘मी बैठक संपवत नाही,’’ अण्णा म्हणाले, ‘‘खुर्ची सोडतोय. मला सदस्य म्हणून बोलायचं आहे. दुसरा अध्यक्ष निवडा. मी वकीलसाहेबांचं नाव सुचवतो. वडीलधारे आहेत, कायदा जाणतात. मघाशी त्यांनीच शब्द दिलाय की पुन्हा वेळ आली तर मोडता घालणार नाही.’’

आणि तरुण आमदाराने, आपल्या गुरूंना अखेर मान मिळतोय या आनंदात, टेबलावर थाप मारून अनुमोदन दिलं.

मी मनात मतं मोजली. वकीलसाहेब खुर्चीत, म्हणजे त्यांचं मत गेलं. अण्णा खाली, म्हणजे त्यांचं मत आलं. तीन विरुद्ध एक. हे वकीलसाहेबांच्या लक्षात आलं तेव्हा तोंडून ‘नको’ निघायची वेळ गेली होती. त्यांनी आपल्या शिष्याकडे असं पाहिलं, की मला त्या पोराची कीव आली. तो आपला हसतच होता.

टॉवेल होता तिथेच होता. वकीलसाहेब बसले. अण्णा मग जे बोलले ते मी लिहून घ्यायलासुद्धा विसरले. लॉऱ्यांचा रस्ता, तिथला अंधार, पोरीचा पाय, सगळं. मतं झाली, शिफारस ठरली. आणि इथून पुढेच माझा गोंधळ वाढतो. कारण खुर्चीत बसल्यावर वकीलसाहेबांनी त्या शिफारशीचा मसुदा स्वतः सांगितला, आणि तो अण्णांना जन्मात जमला नसता इतका नेटका सांगितला. फाटकाशी खात्याने पहारेकरी नेमावा, भिंतीजवळ दिवा लावावा, फाटक उघडायच्या वेळा अशा ठरवून द्याव्यात की मालकांना नाही म्हणायला जागा राहू नये, हे सगळं त्यांचं. ‘‘करायचंच तर नीट करू या,’’ म्हणाले. हरलेल्या माणसाने इतकं चांगलं काम केलेलं मी पाहिलं नव्हतं. की खुर्चीच माणसाला असं करायला लावते?

तेवढ्यात अध्यक्षमहाशय घाम पुसत आत आले. ‘‘हेब्बाळ!’’ म्हणाले. ‘‘करायची ना सुरुवात?’’ मी त्यांना हलव्याची बशी दिली.

शिपाई कॉफी घेऊन आत-बाहेर करत असताना सुशीलाक्काने उघड्या दारातून सगळं पाहिलं होतं. म्हणजे काय पाहिलं, तर मघाशी खुर्चीत बसलेले अण्णा आता खाली बसलेत आणि त्यांच्या जागी दुसरेच कुणी. मी बाहेर आले तर ती डोळे पुसत उभी.

‘‘उठवलं की ओ आमच्या अण्णांना!’’

मला तिला सांगायचं होतं. फार सांगायचं होतं. पण समितीने ठरवलेलं सभागृहात मांडेपर्यंत बाहेर फुटता कामा नये, हा आमच्या नोकरीतला सगळ्यात कडक नियम. मी म्हटलं, ‘‘अक्का, आत्ताच गावाकडे जाऊ नका. थोडे दिवस थांबा.’’ अण्णाही मागून आले. त्यांना तर ओरडून सांगावंसं वाटत असणार. पण त्या दिवशी खुर्चीचे सगळे नियम नुकतेच अंगावरून गेलेले, म्हणून म्हणाले, ‘‘सांगता येत न्हाई बग सुशी. कळंल.’’ ती दोघांकडे न बघता जिना उतरून गेली.

अहवाल शेवटच्या अधिवेशनात मांडला गेला. मग निवडणूक झाली, मी निवृत्त झाले. अण्णा निवडणुकीत पडले, हे वर्तमानपत्रात वाचलं. फाटकाचं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. पूर्वी मी फोन उचलून खात्याला विचारू शकले असते, आता कुठल्या नात्याने विचारणार?

गेल्या थंडीत आनेकलला एका लग्नाला गेले होते. येताना बस त्या वसाहतीच्या थांब्यावर थांबली आणि मी विचार न करता उतरले. भिंत सापडली. फाटक उघडं होतं. शेजारी पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता आणि खांबावर दिवा नुकताच लागला होता. पाळी सुटून बाया घोळक्याने बाहेर येत होत्या. इतका आनंद मला माझ्या निरोप-समारंभाला झाला नव्हता. मी तिथे उभी राहून एकटीच हसत होते.

सुशीलाक्का फाटकाबाहेर मुलीची वाट बघत होती. तिनेच मला ओळखलं. जवळ येऊन माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, उघडायच्या दिवशी वकीलसाहेब स्वतः आले होते, खात्याने त्यांनाच बोलावलं होतं. नारळ त्यांनी फोडला, सगळ्या बायांशी किती चांगलं बोलले. ‘‘दिवापण त्यांनीच लावाय सांगितला म्हणं. देवमाणूस बगा.’’

‘‘दिवा त्यांनीच सांगितला, खरं आहे,’’ मी म्हटलं. ‘‘पण अक्का, तुमचं काम अण्णांनी केलं. ते खुर्चीवरून उतरले म्हणून झालं.’’ आणि मी तिला सगळं सांगितलं. दोन इकडे, दोन तिकडे, खुर्चीतल्याचं मत, सगळं. आता सांगायला हरकत नव्हती. निदान मला तरी तसं वाटलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग हसली. ‘‘अण्णाबी फोनवर ह्येच म्हणत होते. पुढारी असंच म्हंतेत ओ, सगळं आमीच केलं म्हणून. तुमी शिकलेल्या, तुमीबी लई भोळ्या हाईत. खुर्चीवरनं उतरून कुणाचं काम होतंय व्हय?’’ पुढे म्हणाली, ‘‘मतदानाला गावाकडं गेलोच न्हाई आमी कोण. मिळालेली खुर्ची राखाय आली न्हाई माणसाला, त्याला काय मत द्यायचं?’’

मला तिला काहीतरी खडसावून सांगायचं होतं. पण दिव्याखाली उभं राहून बघताना तिचं म्हणणं मला खोटं म्हणता येईना आणि माझं मला तिला पटवता येईना. अण्णांचं मात्र वाईट वाटलं.

तेवढ्यात तिची मुलगी एका पायावर जोर देत फाटकातून आली. सुशीलाक्काने तिला हाताला धरून माझ्यापुढे उभं केलं. ‘‘ह्या बग त्या मॅडम,’’ ती कौतुकाने म्हणाली, ‘‘आपल्या अण्णांना खुर्चीवरनं उठवून वकीलसाहेबांस्नी बसवल्या त्या. म्हणून तर फाटक उघडलं.’’

आणि मी काही बोलायच्या आत ती पोरगी वाकून माझ्या पाया पडली.